इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यातल्या मध्ययुगीन चर्चचा इतिहास सांगाल का?

मी ॲशवेलच्या सेंट मेरीज चर्चबद्दल सांगतो. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशरमध्ये हे गाव आहे. मध्ययुगात इथली जमीनदारी वेस्टमिन्स्टरच्या मठाकडे होती आणि गावाला चांगला बाजार होता, म्हणून खेड्याच्या मानाने चर्च दांडगं आहे. बरंचसं बांधकाम चौदाव्या शतकातलं. तेव्हाची रीत अशी, की वेदीकडचा भाग पॅरिशचं, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचं, उत्पन्न घेणाऱ्याने सांभाळायचा आणि लोक उभे राहतात तो भाग गावकऱ्यांनी.

पण या चर्चचा खरा ठेवा टॉवरच्या आतल्या उत्तरेकडच्या भिंतीवर आहे. दगड क्लंच नावाचा, म्हणजे खडूच्याच जातीचा. पावसापाण्याने झिजतो, पण टोकदार वस्तूने ओरखडा काढला की शतकानुशतकं राहतो. १३४८मध्ये प्लेग इंग्लंडात आला आणि देशातली निदान एक तृतीयांश माणसं गेली. कुणीतरी या भिंतीवर मोडक्यातोडक्या लॅटिनमध्ये कोरून ठेवलं: १३५०, दीन, हिंस्र, बेभान साल, साक्षीला उरली ती नुसती हीन प्रजा. त्याखाली पुढची ओळ आहे: शेवटी जोराचा वारा, या वर्षी मॉर साऱ्या जगात गरजतो आहे, १३६१.

मॉर म्हणजे संत मॉर. त्याचा सण १५ जानेवारीला असतो आणि त्या दिवशी आलेल्या भयंकर वादळात नॉरिच कॅथीड्रलचा मनोराही कोसळला. आपल्या हिशोबाने ते साल १३६२. तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून भिंतीवर १३६१. त्याच्या आदल्याच वर्षी प्लेग परत आला होता आणि त्यात लहान मुलं फार दगावली. राजाच्या दप्तरात करांचे आकडे सापडतात, पण गावात जगून राहिलेल्या माणसाला काय वाटलं हे इतक्या थेट सांगणारा पुरावा मला दुसरा माहीत नाही. ती ओळ वाचताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

तिथेच लंडनच्या जुन्या सेंट पॉल्स कॅथीड्रलचं रेखाचित्रही कोरलेलं आहे, उंच मनोऱ्यासकट. तो मनोरा १५६१मध्ये वीज पडून जळाला आणि उरलेली इमारत १६६६च्या आगीत गेली.

कधी गेलात तर टॉर्च न्या आणि भिंतीला लागून तिरका धरा. समोरून उजेड पाडला तर अक्षरं दिसतच नाहीत.