नवा अँड्रॉइड स्टिरिओ बसवल्यापासून दोन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ मारत नाही. बॅटरी बदलू का?

नका बदलू. आधी मीटर लावा.

डिसेंबरात गाडी सकाळी टक-टक करायला लागली की नाशिकात जो तो निफाडच्या पाऱ्याकडे बोट दाखवतो. थंडीत इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो आणि बॅटरीचा दम कमी पडतो, हे खरं. पण कुलूप लावलेल्या गाडीतला करंट थंडी पीत नाही.

इंदिरानगरला आमच्या भाऊजींच्या गाडीचं हेच दुखणं होतं. छोटी पेट्रोल गाडी, 35 एएचची (अँपिअर-तास) बॅटरी. शुक्रवारी संध्याकाळी लावली की रविवारी सकाळी मेलेली. वायरमननं नवी बॅटरी गळ्यात मारली, आठवड्यात तीही बसली. तरी भाऊजींचं एकच, "थंडी आहे रे."

शेवटी निगेटिव्ह टर्मिनल काढून, टर्मिनल आणि केबलच्या मध्ये मल्टीमीटर जोडला, 10 अँपिअरच्या सॉकेटमधून. उघड्या दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरनं दाबून ठेवायचं, म्हणजे गाडीला दार बंद वाटतं. (नंतर हँडल ओढून ते सोडवा, नाहीतर दार आपटताना लॅच मोडेल.) मीटर जोडल्या जोडल्या एक-दोन अँपिअर दिसले तरी घाबरू नका, गाडीतले कंट्रोलर जागे झालेले असतात. अर्धा तास हात लावू नका. आणि मीटर मध्ये असताना किल्ली फिरवली तर मीटरचा फ्यूज उडालाच म्हणून समजा.

झोपलेली गाडी 50 मिलीअँपिअरच्या आत हवी. इथे होते 0.62 अँपिअर, म्हणजे 24 तासांत जवळजवळ 15 अँपिअर-तास. रविवार उजाडेपर्यंत 35 मधले बावीसेक गेलेले. सेल्फ कुठून मारणार?

ऑडिओचा फ्यूज उपसला, आकडा 0.03 वर. गंमत म्हणजे सीटखालचा अँप्लिफायर थेट बॅटरीवर होता, तरी तोही झोपला. कारण त्याला जागं करणारी निळी-पांढरी वायर स्टिरिओतून येते. तुमच्याकडे ऑडिओचा फ्यूज काढून आकडा पडला नाही, तर बाकीचे फ्यूज एकेक करून काढा. डॅशकॅम आणि जीपीएस ट्रॅकरही सोडू नका.

स्टिरिओ बाहेर ओढला तर मागे पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून वर काळी टेप. पिवळी कायम चालू, घड्याळ आणि सेटिंग टिकवायला. लाल किल्लीवर चालू-बंद व्हायला हवी. दोन्ही कायमच्या लाइनवर टाकल्या की स्क्रीन काळी केली तरी आतला स्टिरिओ चालूच, आणि सोबत अँप्लिफायरही. फिटरला कपलरमध्ये (गाडीच्या वायरांच्या प्लगमध्ये) एसीसीची, म्हणजे किल्लीवर चालणारी, लाइन सापडली नाही, की त्यानं ती शोधायचेच कष्ट घेतले नाहीत, देव जाणे.

लाल वेगळी करून एसीसीवर घेतली. आकडा 0.19. अजून जास्तच! हे उरलेलं अँड्रॉइडच्या स्लीपचं. किल्ली काढली की तो बंद होत नाही, मोबाइलसारखा डुलकी घेतो, म्हणजे पुढच्या वेळी स्क्रीन लगेच उघडते. सेटिंगमध्ये स्लीप काढून पूर्ण बंद केला, आकडा 0.03. आता स्क्रीन यायला अर्धा मिनिट लागतो. भाऊजी त्यावरही कुरकुरतात, बॅटरीबद्दल मात्र एक शब्द नाही.

काही फॉक्सवॅगन-स्कोडा गाड्यांच्या मूळ कपलरमध्ये कायमच्या आणि किल्लीच्या लाइनची जागा उलटी असते, तेव्हा नुसत्या वायरच्या रंगावर जाऊ नका. दोन्ही पिना किल्ली काढून आणि लावून व्होल्टवर तपासा. बटन स्टार्ट असेल तर रिमोट किल्ली चार-पाच मीटर लांब ठेवा, जवळ असली तर काही गाड्या झोपतच नाहीत.

आता, बॅटरी चार वर्षांची असेल तर ती खरंच गेलेली असू शकते. पूर्ण चार्ज करून रात्रभर सुटी ठेवा. सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास आहे, पण सेल्फ मारताना 9.6च्या खाली जाते, तर बदला. पण करंटची गळती काढल्यावर. आणि लाल-पिवळी एकत्र सापडली तर ज्यानं पिळली त्याच्याकडूनच सोडवून घ्या, मीटर त्याच्यासमोर लावून.