दगडावरून ओढताना जायंट क्लॅमचा तळ फाटला, वाचेल का?

जायंट क्लॅम, म्हणजे समुद्री मत्स्यटाकीत पाळतात तो मोठा शिंपला, तळातून निघणाऱ्या धाग्यांनी दगडाला धरून राहतो. नुसते हे धागे तुटले असतील तर बहुतेक वाचेल; धागे जिथून निघतात ती मांसल ग्रंथीच फाटून बाहेर लोंबत असेल, तर आशा फार कमी. धागे पुन्हा येतात, ग्रंथी सहसा भरून येत नाही. आता त्याला उचलून उचलून बघू नका. खडबडीत दगडाच्या सपाट तुकड्यावर सरळ टेकवा, पंपाचा झोत अंगावर नको, आणि खेकडे किंवा कुरतडणारे मासे लगेच वेगळे काढा. तांबं असलेलं औषध चुकूनही नको, क्लॅम त्यानेच मरेल. तापमान २५-२६ अंश ठेवा. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतोच. उडालेलं पाणी भरायला आरओ-डीआयचंच (गाळून क्षार काढून टाकलेलं) घ्या, गंगापूर धरणाचं नळाचं पाणी प्यायला कितीही गोड लागो. टाकीवरून हात फिरवा: सावली पडताच आक्रसला तर दम आहे. आ वासून पडला नि वास आला, तर ताबडतोब बाहेर काढा, नाहीतर अख्खी टाकी नासेल. पुढच्या वेळी ओढू नका, धागे दगडालगत ब्लेडने कापा. एक मात्र बघा: भारतीय समुद्रातल्या जायंट क्लॅमना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे, त्यामुळे खरेदीची कागदपत्रं जवळ हवीत.