विहीर मोजायला निघण्याआधी

गावाच्या पाण्याचा ताळेबंद पहिल्यांदाच मांडतोयस, तर सुरुवात विहिरीच्या कठड्यापासून कर. कठड्यावर रंगाने एक खूण कर आणि दर वेळी तिथूनच पाण्यापर्यंत टेप सोड. कठड्याची जमिनीपासूनची उंची वेगळी लिहून ठेव. पहिल्या वर्षी मी ती वजा करायला विसरलो आणि अख्ख्या हंगामाच्या नोंदी पुन्हा तपासत बसलो. मोटार चालू असताना घेतलेलं माप धरू नकोस. पहाटे, उपसा सुरू व्हायच्या आत जा. ऑक्टोबर आणि मे, ही दोन मापं चुकवायची नाहीत.

एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. पण सगळं मुरत नाही. आपला बेसाल्ट, म्हणजे काळा खडक, थराथरांचा, शेजारच्या दोन विहिरीसुद्धा वेगळ्या वागतात. खोदताना मुरूम कुठे लागला, काळा पाषाण कुठे, हे जुन्या माणसांना विचार. त्यांना हातांनी आठवतं.

आणि आकडे घेऊन निघून जाऊ नकोस. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात पाण्याचा हिशोब ग्रामसभेत मांडतात, पिकं त्यावर ठरतात. तुझा तक्ता रब्बीच्या पेरणीआधी चावडीवर लागलाच पाहिजे. हरभरा की कांदा, हे शेतकरी तेव्हाच ठरवतो.