कॉफी एकदम सोडू नका

चार कपांवरून थेट शून्यावर यायचा हट्ट धरू नका. मी धरला होता; दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की संध्याकाळी पुन्हा कप हातात. ही डोकेदुखी साधारण १२ ते २४ तासांत सुरू होते, पहिले दोन दिवस फार छळते आणि बहुतेकांची आठवड्याभरात ओसरते. म्हणून दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करा, तोही आधी संध्याकाळचा. प्यायलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीरातून जायलाच सुमारे ५ तास लागतात, त्यामुळे संध्याकाळचा कप कमी झाला की झोप लगेच सुधारते. झोप सुधारली की सकाळची तलफही मवाळ होते, हे मी अनुभवलंय. आणि हो, चहा, कोला, डोकेदुखीच्या काही गोळ्या यांतही कॅफीन असतं. तेही हिशेबात धरा.