बुरशीची लस की बुरशीविरोधी लस?

सोलापूरच्या एका वाचकभगिनींचा प्रश्न. त्यांचा भाऊ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर आहे, आणि त्याच्या कमरेच्या नायट्याला कुठलंच मलम लागू पडेना. त्यांनी कुठंतरी ‘औषधप्रतिबंधक बुरशीविरोधी लस’ असं वाचलं. विचारतात, ‘बुरशीविरोधी लस म्हणायचं की बुरशीची? बुरशीची म्हटलं तर बुरशीच टोचतात असं वाटतं.’

बुरशीची लस म्हणा. देवीची लस, गोवराची लस, पोलिओची लस म्हणताना कुणाला काही वाटत नाही, मग बुरशीनंच काय घोडं मारलंय? ‘औषधप्रतिबंधक बुरशी’ मात्र डोक्यात जाते. प्रतिबंधक म्हणजे होऊ न देणारं. ही बुरशी काय औषधच होऊ देत नाही? ‘औषधाला दाद न देणारी’ असं चांगलं मराठी घरात असताना हे कुठून आणतात देव जाणे. (ही दाद फारशी, न्यायाची. एसटी स्टँडवर ‘दाद-खाज-खुजली’ म्हणून मलम विकतात ती दाद संस्कृत दद्रूची. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगूत नायट्याला ‘तामर’ म्हणतात आणि कमळालाही तामरच! पण ते पुन्हा कधीतरी.)

खरी गंमत त्या ‘ची’मध्ये आहे. लस म्हणजे मुळात फोडातून, जखमेतून पाझरणारं पातळ पाणी. चरकसंहितेत त्याला लसीका म्हटलंय. जून १८०२ मध्ये मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, ती हिंदुस्थानातली पहिली. तेव्हा कुठल्या बाटल्या आणि कुठला फ्रीज? तिच्या दंडावर फोड आला, त्यातलं पाणी घेऊन पुढच्या मुलांना टोचलं, त्यांच्या फोडांतलं आणखी पुढच्यांना. इंग्रज डॉक्टर त्या पाण्याला लिंफ म्हणत. आपण शब्द घेतला तो या लिंफचा, व्हॅक्सिनचा नव्हे. व्हॅक्सिनमध्ये लॅटिन गाय दडलेली आहे, लशीत फोड.

देवीची लस टोचण्याला ‘देवी काढणे’ म्हणत, त्याचाही उलगडा मी इथूनच करतो. अंगातली देवी बाहेर काढायची म्हणून ‘काढणे’, असं काही जाणकार छातीठोकपणे सांगतात. हे मला साफ अमान्य. एका पोराच्या दंडातून लस काढायची आणि दुसऱ्याला द्यायची, हे गावानं उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. लोक दिसेल ते बोलतात, तत्त्वज्ञान मागाहून चिकटवलं जातं.

चिकटण्यावरून आठवलं. पाणिनीच्या धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, ‘लस श्लेषणक्रीडनयोः’ आहे, म्हणजे चिकटणे आणि खेळणे. हिंदीत लसलसा म्हणजे चिकट, भोकराला म्हणतात लसोडा. भोकराचं लोणचं घातलेल्या बाईला ही व्युत्पत्ती समजावून सांगावी लागणार नाही, बोटंच सांगतील. आणि आता हे पाहा. कॅन्डिडा ही बुरशी आपल्या पेशींना ज्या प्रथिनांनी चिकटते, त्यांतलं एक अल्स-३. त्याच प्रथिनाचा तुकडा घेऊन एनडीव्ही-३ए नावाची लस बनवली. शरीरानं तो तुकडा ओळखायला शिकायचं आणि बुरशीला चिकटूच द्यायचं नाही. स्त्रियांना वारंवार होणाऱ्या कॅन्डिडाच्या संसर्गासाठी तिच्या चाचण्या झाल्या. औषधांना दाद न देणाऱ्या कॅन्डिडा ऑरिसपासूनही तिनं उंदरांना वाचवलं. लस् धातूची लस, चिकटण्यावरच! पाणिनीला कळवायला हवं होतं.

माणसासाठी बुरशीची एकही लस अजून बाजारात नाही. बुरशीच्या पेशी जंतूंपेक्षा आपल्याच पेशींच्या जवळच्या, त्यामुळे नेमकं तिलाच गाठणं अवघड. त्यात ज्यांना लशीची सर्वांत गरज, त्यांचीच प्रतिकारशक्ती खचलेली. भावाचा नायटा कदाचित ट्रायकोफायटॉन इंडोटिनिएचा असेल. २०२० मध्ये हे नाव मिळालेली ही बुरशी टर्बिनाफिन या नायट्यावरच्या नेहमीच्या औषधालाही अनेकदा जुमानत नाही. दुकानातून परस्पर आणलेलं स्टिरॉइडचं मलम बंद करून त्यानं त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं. गुरांच्या नायट्याची लस मात्र सोव्हिएत काळापासून आहे, नॉर्वेत ती वासरांना सर्रास टोचली गेली. म्हणजे व्हॅक्सिनमधली गाय इथंही पुढंच.

आता कुणीतरी ‘कवकरोधी लस’ सुचवेलच. कवक वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात राहू द्या. कडक भाकरीच्या या गावात ओल लागलेल्या भाकरीला बुरशीच येते, कवक आलेलं मी तरी अजून ऐकलेलं नाही.