केप ब्रेटनला मूस नक्की कुठे आणि कधी दिसेल?

सप्टेंबरअखेरीस आईबाबांना घेऊन कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या केप ब्रेटन हायलँड्स नॅशनल पार्कला चाललाय आणि मूस (हरणाच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी) कुठे दिसेल असं विचारलंय तुम्ही. मी हॅलिफॅक्सला राहते, तिथे बऱ्याचदा जाऊन आलेय म्हणून सांगते. वेळ तुम्ही एकदम बरोबर निवडलीय, त्याच सुमारास मूस माजावर येतात आणि एरवी झाडीत असणारे नर उघड्यावर फिरतात.

सगळे स्कायलाइन ट्रेलला जातात. सूर्यास्तासाठी जरूर जा, खाली समुद्रात नशीब असेल तर पायलट व्हेलही दिसतात, पण मूससाठी तिथे गर्दी फार. त्यापेक्षा फ्रेंच माउंटनच्या पठारावरून बेंजीज लेकची वाट धरा, जाऊन-येऊन जेमतेम ३ किमी, आईबाबांनाही जमेल. फक्त उजाडता उजाडता पोचा. आम्ही पहिल्या दोन्ही वेळी दहानंतर गेलो तर नुसत्या लेंड्या आणि चिखलात खुरांचे ठसे. तिसऱ्यांदा पार्कला लागून असलेल्या शेटिकँप गावात मुक्काम करून पहाटे निघालो, तळ्याकाठी अर्धा तास अजिबात न बोलता बसलो आणि समोरच्या झाडीतून मादी पिल्लाला घेऊन पाण्यात उतरली. ती तोंड वर काढायची तेव्हा पाणी गळल्याचा आवाज आमच्यापर्यंत येत होता, आईने माझा हात जो धरला तो सोडलाच नाही.

स्कायलाइनला एक कुंपण दिसेल ते नीट बघा. इथले मूळचे मूस संपले होते, १९४७-४८ मध्ये अल्बर्टाहून १८ आणून सोडले. पुढे सत्तरच्या दशकात किडीने फरची झाडं मारली, नवी कोवळी रोपं उगवली, मूसना खायला भरपूर मिळालं आणि ते इतके वाढले की रोपं मोठीच होईनात, जंगलाचं गवताळ रान झालं. आता कुंपणाच्या आत मूस जाऊ शकत नाहीत म्हणून रोपं धरतायत. मूस बघायचा आनंद आहेच, पण ते रान बघून मला खरंच वाईट वाटतं.

अंधार पडल्यावर घाटात गाडी अगदी हळू चालवा. काळपट रंग, लांब पाय, धडकलं तर अख्खं धड काचेवर येतं. किमान ३० मीटर लांब राहा, पिल्लूवाली मादी आणि माजावरचा नर दिसला तर अजून लांब. कान मागे पडले, मानेवरचे केस उभे राहिले की लगेच मागे फिरा आणि झाडाआड व्हा, फोटो राहू दे. आणि ट्रेलवर एकटं कुणीच जाऊ नका, २००९ मध्ये स्कायलाइनवर एकट्या चालणाऱ्या मुलीचा कायोटींच्या (लांडग्यासारखा पण लहान प्राणी) हल्ल्यात जीव गेलाय.

आईबाबांसाठी कानटोप्या आणि जाड जॅकेट घ्या, खाली ऊन असलं तरी पठारावर पहाटे धुकं आणि बोचरा वारा असतो.