आजीच्या विड्या आणि तुझं मायनर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मेजर, म्हणजे मुख्य विषय, अर्थशास्त्र ठरलंय, मायनरला, म्हणजे दुय्यम विषयाला, जागतिक अभ्यास घ्यायचाय, आणि निपाणीत घरी प्रश्न एकच : "हे शिकून पोट भरणार का?" वडिलांचं चुकत नाही. पाच-सहा पेपरांच्या मायनरवर नोकरी मिळत नसते, ती मिळेल मेजरवर. एकदा हे कबूल करून टाक, म्हणजे रोज जेवताना तो विषय निघायचा नाही.

व्यापार, स्थलांतर, मानवी हक्क, पर्यावरण, आंतरराष्ट्रीय संस्था, बहुतेक ठिकाणी एक परकी भाषा, अशी यादी वाचून सगळं लांबचं वाटतं. पण तुझ्या आजीचंच बघ. जन्मभर विड्या वळल्या, मजुरी हजारावर. तंबाखू मुळात अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांबरोबर इकडे आली. 1981 साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या दरासाठी महामार्ग अडवला, गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हा भांडण व्यापाऱ्यांशी आणि सरकारशी होतं. पुढे 2003 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार मंजूर झाला, 2004 मध्ये भारताने तो स्वीकारला. वेष्टनावर धोक्याचा इशारा हवा, असं त्याचं 11वं कलम सांगतं. विड्यांच्या बंडलावर आज दिसतं ते भयानक चित्र त्याच वाटेचं. 17वं कलम मात्र म्हणतं, तंबाखू पिकवणाऱ्यांना आणि त्यातल्या कामगारांना परवडणारा दुसरा धंदा मिळावा म्हणून सरकारांनी हातभार लावावा. चित्र बंडलापर्यंत आलं. 17वं कलम आजीच्या सुपापर्यंत आलं का? तंबाखू घातक हे डॉक्टरचं म्हणणं खरं आणि पोट तिच्यावरच हे आजीचंही खरं. दोन्ही एका कागदावर मांडायचं, कुणाला खोटं न पाडता, हे या मायनरमध्ये शिकायचं. मला ते पन्नाशीत थोडंफार जमलं.

आता महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न. प्रकल्प म्हटला की आपल्याकडची निम्मी पोरं तोच घेतात, तूही घेशील. घे, पण शेजारी दक्षिण टायरॉल ठेव. जर्मन बोलणारा हा मुलूख पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे गेला. 1946 चा इटली-ऑस्ट्रिया करार, 1972 ची स्वायत्तता, आणि 1992 मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे 1956 ला राज्यं नव्याने आखली, त्याच वर्षी मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचं 350अ हे कलम घटनेत आलं, आणि 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. साम्य चटकन सापडेल. फरक लिहायला वेळ दे : तिथे दोन देश होते, इथे एकाच देशातली दोन राज्यं. त्यामुळे तिथला तोडगा उचलून खानापुरात लावता येत नाही.

आणखी एक, जरा कडू. फ्रेंच घेणार म्हणतेस, छान. पण कन्नड तुला बाजारापुरतं येतं, बसची पाटी वाचतेस, अग्रलेख नाही. माझंही बरीच वर्षं तसंच होतं. समोरच्याचं म्हणणं मी आपल्याच वर्तमानपत्रातून वाचायचो आणि त्यावर तावातावाने बोलायचो! आधी रोज एक कन्नड अग्रलेख वाच. फ्रेंच सहा महिने थांबेल.

दिवाळीला येशील तेव्हा आजीजवळ वही घेऊन बस. 1981 च्या सुमाराला हजाराला किती मिळायचे, पानं कुठून यायची, ठेकेदार किती विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा, सगळं तिच्याच शब्दांत उतरव. वही मला दाखव.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
सर